आईच्या तोंडचं पाणी

माझ्या आईच्या तोंडचं पाणी आटलं तेव्हा मी चौथीत होते, आणि घरातल्या सगळ्यांना वाटलं की ती शहाणी झाली.

त्याआधी ती खणखणीत भांडायची. पप्पा लोकर भिजत घालून विसरले की शेडच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या बायका माग थांबवून ऐकत राहायच्या, इतकं रंगतदार. मग तिचं बोलणं आखडत गेलं. ओरडता ओरडता मध्येच ती पाण्याचा तांब्या शोधायची आणि घोट घेईपर्यंत समोरचा माणूस पसार झालेला असायचा. पुढे पुढे तिने तांब्या शोधायचंही सोडलं. नुसती बघायची. नंतर बघणंही कमी झालं, कारण डोळे उघडे ठेवले की त्यांत वाळू घातल्यासारखं टोचायचं. आजी, म्हणजे पप्पांची आई, आल्यागेल्याला कौतुकाने सांगायची, "आमची स्वप्नाली आता लई शांत झाली. उलटून बोलत न्हाई."

आता मी अकरावीत आहे, आणि हे वाक्य आठवलं की माझी कानशिलं तापतात. ती शांत झाली नव्हती. तिची जीभ टाळूला चिकटत होती. भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरत नव्हता, एकामागून एक दात किडत होते. आणि रागवायलाही थुंकी लागते, ही साधी गोष्ट आमच्या घरात कुणाच्या डोक्यात आली नाही. तिचा राग गेला याचा सगळ्यांना आरामच होता ना.

डॉक्टरांचं तर विचारूच नका. एकाने टेन्शन सांगितलं. एकाने भरपूर पाणी प्या म्हणून सांगितलं, समोर ती बाई तांब्या उराशी धरून बसलेली असताना. एकाने तिच्याकडे न बघता पप्पांना सांगितलं की या वयात बायकांचं असं होतं. आईला तेव्हा पस्तिशीही लागली नव्हती. शेवटी सांगोल्याच्या सरकारी दवाखान्यात डॉ. नसरीन मुजावर बदलून आल्या. त्यांनी आईच्या खालच्या पापणीत कागदाची एक बारीक पट्टी अडकवली आणि शांतपणे वाट बघत बसल्या. डोळ्यातल्या पाण्याने ती पट्टी भिजत जायला हवी. आईची पट्टी होती तशी कोरडी बाहेर आली. "स्वप्नालीताई, हे तुमच्या मनाचे खेळ नाहीत," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि पट्टी तिच्या हातात दिली. आईने ती घरी आणून आजीच्या नाकासमोर धरली. बोलली काही नाही. बोलण्यापुरतं तोंड कुठे ओलं होतं?

आजार असा आहे. आपल्या रक्तात रोगजंतूंना मारणाऱ्या पेशी असतात. काही जणांच्या शरीरात या पेशींची ओळख चुकते आणि त्या आपल्याच माणसावर तुटून पडतात. ही काही जणं म्हणजे बहुतेक बायकाच असतात, बरं का. आईच्या शरीरात त्या तुटून पडल्या अश्रू आणि लाळ बनवणाऱ्या ग्रंथींवर. राखणीला ठेवलेल्या माणसांनी गावच्याच विहिरी बुजवाव्यात तसं. विहिरी पूर्ण बुजत नाहीत, तळाशी काही झरे जिवंत राहतात, आणि जुनी औषधं त्या झऱ्यांना डिवचून पाणी काढायची. गोळी घेतली की तिच्यातलं रसायन रक्तातून जाऊन ग्रंथींना सांगणार, उठा, कामाला लागा. अडचण ही की ते रसायन फक्त त्या दोन ग्रंथींपाशी थांबत नाही. घाम, पोट, लघवी, हृदय, सगळ्यांनाच ढोसतं. आई ती गोळी घ्यायची तेव्हा तोंड जरा ओलं व्हायचं आणि ब्लाउज पिळून काढावा इतका घाम यायचा. मागावर बसायचं की मोरीकडे पळायचं? तिने गोळी सोडली. डोळ्यांत थेंब आणि हातात तांब्या, एवढ्यावर वर्षं काढली.

मग पाझर आलं.

पाझर म्हणजे औषध नाही, औषध बनवणारा जिवाणू. आपल्या जिभेवर एरवीही कोट्यवधी जिवाणू बिनत्रासाचे राहत असतात. पुण्याच्या एका कंपनीने त्यांतल्या एकाच्या जनुकांत फेरफार केला. तोंड कोरडं पडलं की त्याला कळतं, आणि तो तिथल्या तिथे त्या जुन्या रसायनाचा अगदी कणभर अंश बनवतो. लाळ सुटते. थोडं रसायन गालाच्या आतल्या नाजूक त्वचेतून रक्तात उतरून डोळ्यांपर्यंत पोचतं. तोंड ओलं झालं की जिवाणू गप्प. हवं तेव्हा, हवं तेवढंच. मी पुढे या कंपनीला शिव्या देणार आहे, पण ही कल्पना मला अजूनही सुंदर वाटते आणि ते सांगायला मी लाजणार नाही.

हा जिवाणू धडधाकट माणसाच्या तोंडात शिरला तर काय, याचाही त्यांनी विचार केला होता. त्याला कुलूप लावलं होतं. एक विशिष्ट साखर मिळाली तरच तो जगतो, आणि ती साखर कंपनीच्या चघळायच्या गोळीत असते. दुसरीकडे कुठेच नसते, असं कंपनीचं म्हणणं. गोळी बंद केली की आठवडाभरात जिवाणू उपाशी मरतो. सरकारने परवानगी दिली ती या कुलपाच्या भरवशावर. शिवाय जास्तीची काळजी म्हणून रुग्णाने कुणाला उष्टं द्यायचं नाही, असं आईकडून कबूल करून घेतलं होतं.

डॉक्टरबाईंनी पाझर घेणाऱ्यांच्या यादीत आईचं नाव घातलं, आणि काही दिवसांतच एका दुपारी आईने ठेचा-भाकरी खाल्ली. पाण्याविना. अख्खी भाकरी. मी समोर बसून प्रत्येक घास तिच्या गळ्यातून उतरताना बघत होते. जेवण झाल्यावर तिने ताट बाजूला सारलं, ओठ चाटले, आणि पप्पांना विचारलं की ती आजारी असताना तिचा माग त्यांनी कुणाला विचारून धाकट्या काकांना दिला होता. तिथून जे सुरू झालं ते चहाच्या वेळेपर्यंत चाललं. पप्पा आधी हसत होते, मग हसेनासे झाले, मग त्यांनी काकांना फोन लावला. संध्याकाळी माग परत आला. आजी मला हळूच म्हणाली, औषधानं बिघडली गं तुझी आई. मी म्हटलं, आजी, बिघडली होती, आता दुरुस्त झाली. असं मी आजीला आधी कधी बोलले नव्हते. घरात मोठ्याने बोलणारं माणूस परत आलं की आपलाही आवाज वाढतो.

आता आमच्या कामाबद्दल सांगायला हवं, कारण सगळं त्यातच घडलं. आमचं गाव बोरवडी, माणदेशातलं, घोंगड्या विणणाऱ्यांचं. प्लॅस्टिकच्या धाग्यांच्या ब्लँकेटांवर बंदी आल्यापासून लोकरीच्या घोंगडीला पुन्हा मागणी आली आणि गावाने मिळून एक मोठी शेड बांधली. तिथे सगळ्यांचे माग ओळीने आहेत. माझी आई, तिच्या शेजारी हौसाक्का, पुढे बाकीच्या. ताणा, म्हणजे उभे धागे, लावला की त्यावर कुंच्याने चिंचोक्याची खळ फिरवायची, म्हणजे लोकरीचा धागा ताठ राहतो. तरी तो तुटतोच. तुटला की जी जवळ असेल तिने दोन्ही टोकं ओठांत धरायची, जिभेने ओली करायची आणि पीळ देऊन सांधायची. कुणाचा माग ते बघायचं नाही. आजारात आईला हे येईना. ती वाटीत बोटं बुडवून सांधायची, आणि पाण्याचा सांधा धरत नाही म्हणून शेडमध्ये तिला सगळ्या चिडवायच्या. पाझर आल्यावर तिने पहिला धागा तोंडाने सांधला तेव्हा हौसाक्काने सगळ्यांना चहा सांगितला.

उष्टं आम्ही काटेकोर पाळलं. आईचं ताट वेगळं, पेला वेगळा, चमचा वेगळा. पण उष्टं म्हणजे ताटातलं, पेल्यातलं. धागा उष्टा होतो, असं आमच्याकडे आजवर कुणी म्हटलेलं नाही. कॉलेजातून आल्यावर मीही शेडमध्ये धागे सांधायचे. आईच्या मागावरचे, हौसाक्काच्या मागावरचे. जे हाताला लागतील ते.

आणि मी खो-खो खेळते. साधंसुधं खेळत नाही, चांगलं खेळते. धाराशिवला राज्य संघाच्या शिबिरासाठी निवड होती आणि मला माहीत होतं की माझं नाव येणार. माझी पळती सुरू झाली. ऊन होतं, धापा टाकून तोंडाला कोरड पडली, ती पडतेच. आणि मग एकदम तोंड लाळेने भरलं. मी थुंकले, पुन्हा भरलं. अंगावर बादली ओतल्यासारखा घाम फुटला. खांबाला वळसा घातला तेव्हा मैदान अंधारल्यासारखं झालं, छातीतला ठोका एवढा सावकाश पडायला लागला की मी पुढच्याची वाट बघत होते. मग जमीन आली.

मला तिथून सांगोल्याला आणलं, आणि डॉ. मुजावरांनी माझी पापणी उचलून बघितली. खोलीत उजेड कमी, तरी डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या. त्यांनी माझ्या जिभेवरून कापसाचा बोळा फिरवून तो तपासणीच्या यंत्रात घातला. माझ्या तोंडात पाझर होतं. नुसतं आलेलं नव्हतं, ऐसपैस राहत होतं. एरवी माझं तोंड ओलं असतं म्हणून ते झोपलेलं. मी पळाले, तोंड कोरडं पडलं, त्याला वाटलं हीच ती रुग्ण, आणि त्याने औषध सोडलं. सोडतच राहिलं, कारण पळताना तोंड ओलं टिकत नाही. डॉक्टरबाईंनी हेही स्पष्ट सांगितलं की मी नशीबवान आहे. दम्याच्या माणसाला हे झालं असतं तर श्वासनळ्या आवळल्या असत्या आणि गोष्ट तिथेच संपली असती.

मग त्यांनी शेडमधल्या सगळ्यांची तोंडं तपासली. निम्म्यांहून जास्त जणींकडे निघालं. आणि आईने तेव्हा कुठे तोंड उघडलं की कंपनीच्या गोळ्या गेले कित्येक आठवडे आलेल्याच नाहीत. तिने कुणाला सांगितलं नव्हतं. तोंड ओलंच होतं, उगाच बोलून नजर कशाला लावायची, असं तिला वाटलं.

कंपनीचा माणूस दुसऱ्याच दिवशी विजेच्या जीपमधून आला. निमिष राजाध्यक्ष त्याचं नाव. इस्त्रीचा शर्ट, मऊ आवाज, सगळ्यांना ताई-दादा. शेडमध्ये खुर्ची दिली तर तो मागाच्या खड्ड्याशेजारी खालीच बसला, त्यामुळे पहिल्या पाच मिनिटांत मला तो आवडलासुद्धा. तो म्हणाला की हे शक्यच नाही. गोळीशिवाय हा जिवाणू जगू शकत नाही. तपासणीत चूक असणार.

मी विचारलं, तो नक्की खातो काय?

त्याने मला समजेल अशा बेताने सांगितलं. एका बियांच्या पिठापासून काढलेली साखर. बी कारखान्यात वापरतात, कुणी खात नाही. त्यांनी देशभरातल्या आहाराचा अभ्यास करून मगच ती निवडली होती.

"कसलं बी?" मी म्हटलं.

"चिंचेचं. चिंचोका."

शेडमधले माग थांबले. हौसाक्का ताण्यावर खळ फिरवत होती, तिचा कुंचा तसाच हातात राहिला आणि खळ टपटप खाली गळायला लागली. मग तिला हसू फुटलं. ती अशी हसली की तिला खाली बसावं लागलं, आणि तिच्यामागून सगळी शेड. राजाध्यक्षांना कळेना. मी त्यांना मागच्या दाराशी नेलं. तिथे चुलीवर पातेलं रटरटत होतं, आणि शेजारी भिजवलेल्या चिंचोक्यांचं घमेलं. मी सांगितलं की हे आम्ही उकळून, आंबवून धाग्याला लावतो, तो धागा तोंडात धरतो, आणि उरलेले भाजून चघळतो. मीच नाही, माझं अख्खं कॉलेज चघळतं.

त्यांचा चेहरा पांढरा पडला. ते म्हणाले, "आमच्या टीममध्ये कुणीच..." आणि थांबले. तेवढं खरं बोलले. तेवढंच.

कारण दोन दिवसांनी ते परत आले तेव्हा बरोबर एक कॅमेरावाला होता आणि आवाज मऊ असला तरी वाक्यं पाठ केलेली होती. कंपनीचा प्रस्ताव असा. शेडमधल्या सगळ्यांनी औषधाने तोंडं धुवून घ्यायची, म्हणजे जिवाणू मरेल. आईनेही. आणि आईने कॅमेऱ्यासमोर एक निवेदन वाचायचं, की सूचना मिळूनही तिने आणि शेडमधल्या बायकांनी आपल्या अस्वच्छ सवयी सोडल्या नाहीत आणि त्यामुळे प्रसार झाला. निवेदन दिलं तर नवं पाझर बनेल तेव्हा तिचा नंबर पहिला. नाही दिलं तर करार मोडला म्हणून ती कायमची बाहेर.

अस्वच्छ. हा शब्द मी तीनदा वाचला. चिंचेच्या झाडाखाली वसलेल्या गावात चिंचोक्याची किल्ली लावलेलं कुलूप पाठवायचं, आणि ते उघडलं की गावाची तोंडं घाणेरडी. मी राजाध्यक्षांना म्हटलं की तुमच्या सवयीचं काय, न विचारता धरून चालण्याच्या? पप्पांनी माझा दंड धरला. मोठ्यांशी बोलताना जरा जपून, म्हणाले. मग ते आईकडे वळून म्हणाले की वाचून टाक, दोन ओळी तर आहेत. पोरीचं शिबिर जायला नको.

तेव्हा मला कळलं की सगळ्यांनी ठरवूनच टाकलंय. राज्य संघाच्या सरांनी मला दुसरी संधी दिली होती, तोंड स्वच्छ असल्याचा दाखला आणला तर. पण धुवून उपयोग काय? घरात खळ, शेडमध्ये खळ, हवेत लोकरीची बारीक कुसं, आणि आई जिवंत पाझर घेऊन त्यात वावरणार. आज धुतलं, उद्या पुन्हा लागलं. मी तिथे राहून पळायचं असेल तर आईने कोरडं व्हायचं. नवं पाझर येईपर्यंत. कधी येईल ते कंपनीला माहीत नव्हतं.

"आई हाय ती," आजी म्हणाली. "लेकरासाठी एवढं सोसंल की."

कुणी नाही म्हणालं नाही. हौसाक्कानेसुद्धा मान खाली घातली. मग मी सुटले. मी म्हटलं, का सोसेल? इतकी वर्षं सोसलं ते मोजून घेतलंत का कुणी? मला नकोय तिचं सोसणं, मला नकोय असलं शिबिर, मी खो-खो सोडते, झालं? मी पुष्कळ बोलले, आणि मोठ्याने बोलले, आणि बोलताना खरं सांगायचं तर माझं अर्धं लक्ष आईकडे होतं. ती भिंतीला टेकून उभी होती. गप्प. अगदी पूर्वीसारखी गप्प. मला वाटलं, गेली. पुन्हा शांत झाली. आता ती कागद घेणार, वाचणार, आणि आतल्या आत वाळून जाणार, आणि मी राज्याच्या संघातून पळणार, आणि सगळे म्हणणार आई असावी तर अशी.

डॉ. मुजावर दाराशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या की कायद्याने कुणाचंही तोंड तिच्या मर्जीविरुद्ध धुता येत नाही, आणि हे कंपनीलाही माहीत आहे. पण हा जिवाणू मोकळा राहणं धोक्याचं आहे, हेही त्या आईला सांगितल्याशिवाय राहणार नाहीत. ठरवायचं तिने.

आईने कागद घेतला. कॅमेऱ्यासमोर स्टुलावर बसली, पदर सारखा केला. कॅमेरावाल्याने खूण केली. तिने पहिली ओळ वाचली, "मी, स्वप्नाली मेटकरी, स्वखुशीने सांगते की," आणि कागद मांडीवर पालथा ठेवला.

"स्वखुशीनं सांगते," ती म्हणाली, "की माझी पोरगी पडली ती तुमच्या कुलपामुळं. माझ्या थुंकीमुळं न्हाई."

राजाध्यक्ष काही म्हणायला गेले. तिने हात वर केला. "थांबा. मला बोलायला तोंड मिळालंय, ते तुमीच दिलंय. आता ऐका."

आणि ती बोलली. आम्ही धाग्याला जीभ लावतो हे कुणापासून लपवलं होतं, असं तिने विचारलं. तुमचा माणूस पाझर द्यायला आला तेव्हा मी मागावरच बसले होते, खळीचं पातेलं ओलांडून तो माझ्यापर्यंत आला, त्याने ताट विचारलं, पेला विचारला, काम विचारलं नाही. बाई म्हटल्यावर स्वयंपाक विचारायचा, काम विचारायचं नाही. हा जिवाणू आता तुमच्या गोळीवर जगत नाही, माझ्या खळीवर जगतो, म्हणून तुम्हाला तो मारायचाय की लोकांच्या काळजीने, ते आधी तुमचं तुम्ही ठरवा. काळजी असेल तर दुसरं कुलूप बनवा, आणि बनवायच्या आधी इथे येऊन बसा. ज्यांना तोंड धुवायचंय त्यांचं धुवा, तुमच्या खर्चाने आणि तुमची चूक म्हणून. मी माझा माग शेडच्या बाहेर, वेगळ्या छपरात घालते. माझा कुंचा वेगळा, माझी खळ वेगळी, माझा धागा दुसरं कुणी सांधणार नाही. नवं कुलूप येईपर्यंत. पण माझं तोंड मी धुणार नाही.

मग ती आजीकडे वळली. "आत्याबाई, मी शांत झाले म्हणून तुमी आख्ख्या गावाला सांगितलंत. मी मरत होते." आजीने तोंडाला पदर लावला. मग पप्पांची पाळी आली. ती मी इथे लिहीत नाही, पण पप्पा त्यानंतर कुणाला दोन ओळी वाचून टाक असं म्हणालेले नाहीत. कॅमेरा चालूच होता. कॅमेरावाला बंद करायचं विसरला होता की त्याला बंद करायचा नव्हता, कोण जाणे.

शेवटी तिने माझ्याकडे बघितलं.

"आणि तू. खो-खो सोडते म्हणं. कुणी विचारलं तुला? तोंड धुवून घ्यायचं आणि सांगोल्याला हॉस्टेलवर जायचं. सुट्टीत मीच येत जाईन तिकडं, तू इकडं यायचं न्हाई. माज्यासाठी तू काय सोडायचं न्हाईस, आणि तुज्यासाठी मी हे सोडत न्हाई. कळलं?"

मी हो म्हटलं. हेच तर मी मागत होते, ओरडून ओरडून, सगळ्यांसमोर.  पण तिने मला निवडलं नव्हतं. सोळा वर्षांत पहिल्यांदा तिने स्वतःला निवडलं होतं, आणि ते बरोबर होतं, आणि मला त्या क्षणी तिचा एवढा राग आला की मी शेडच्या मागे जाऊन चिंचेला लाथ मारली. अंगठा सुजला. झाडाला काही झालं नाही.

कंपनीने ते निवेदन कुठेच दाखवलं नाही, यात नवल नाही. डॉक्टरबाईंनी मात्र त्यांचा अहवाल सरकारकडे पाठवला, त्यात कुलूप निकामी असं लिहिलं, आणि पाझर नव्या रुग्णांना देणं थांबलं. म्हणजे आईसारख्या कितीतरी बायका अजून तांब्या उराशी धरून बसल्यात. याचाही मला राग येतो. त्याचं काय करायचं ते अजून सुचलेलं नाही, पण राग जपून ठेवलाय. राजाध्यक्षांनी नोकरी सोडली असं कुणी म्हणतं, कुणी म्हणतं बढती मिळाली.

माझं तोंड धुतलं. निळं, कडू औषध, गुळण्या करून करून जीभ बधिर. तपासणीत काही निघालं नाही, दाखला मिळाला. एसटीची वेळ झाली तेव्हा मी अंगणात बॅग भरत होते. आई नव्या छपरात मागावर बसली होती. माझ्या जवळ यायचं नाही, हे तिनेच ठरवलेलं, त्यामुळे तिने तिथूनच सुरुवात केली. बॅग अशी भरतात का? खाली जड, वर हलकं, एवढं कळत नाही आणि निघाली राज्याला. केस बांध. हॉस्टेलच्या पोरींना स्वतःचा कंगवा द्यायचा नाही. पळताना पायाकडे बघते, पुढे बघत जा. सरांना उलट उत्तर देऊ नकोस, आणि दिलंस तर नीट दे, घाबरत देऊ नकोस. आवाज सगळ्या आळीत जात होता. पलीकडच्या गच्चीवर दोघीजणी कपडे वाळत घालायचं थांबवून ऐकत उभ्या होत्या.

"टॉवेल घेतला का?" तिने विचारलं.

घेतला होता. मी तो बॅगेतून काढून हळूच दाराआड टाकला आणि म्हटलं, "विसरले."

मग ती जी सुरू झाली ती एसटी फाट्यावर येऊन हॉर्न वाजवेपर्यंत.